सोइलासाठी दोन पेट्या

"ती पेटी माझ्या गाडीत येणार नाही," ओरेस्तेस म्हणाला.

"तुझी चढली ना टपावर? मग माझी माझ्या मांडीवर येईल. तुझ्या गाडीला टेकवणारसुद्धा नाही मी."

"दोन सिलिंडरचं इंजिन आहे, मेहुणीबाई. ट्रक नाही आणलेला."

"मग तुझी उतरव."

सकाळचे सहा वाजले होते आणि ग्वानाबाकोआतली आमची अख्खी गल्ली कॉफीचे पेले घेऊन दारात उभी होती. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? माझी धाकटी बहीण सोइला, या ओरेस्तेसची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांनी थडग्याची ती जागा पुढच्या माणसाला द्यावी लागते. दिलेल्या तारखेला घरच्यांनी जायचं, अस्थी काढून घ्यायच्या, पुसायच्या, छोट्या पेटीत ठेवायच्या आणि कायमच्या जागी न्यायच्या. कोणी गेलं नाही, तर सगळ्यांबरोबर एका खड्ड्यात. ना नाव, ना खूण. आमची तारीख आजची होती, वेळ दुपारी तीनची, आणि जागा सांता क्लाराच्याही पलीकडे, ओरेस्तेसच्या गावाची दफनभूमी. इथून साडेतीनशे किलोमीटर.

पेटी आपली आपण न्यायची असते. म्हणून मी पत्र्याच्या कारागिराकडून जस्ताची बनवून घेतली, सत्तर सेंटिमीटर लांब, कारण मांडीचं हाड सरळ झोपलं पाहिजे. सोइलाला मी इथे आणणार होते, आईच्या शेजारी. आणि हा गडी स्वतः अंगणात सिमेंटची पेटी ओतून, दोरखंडाने टपावर आवळून तयार! तिला तो तिथेच ठेवणार होता, त्याच्या बापाच्या आणि काकांच्या रांगेत, जिथे त्याने स्वतःसाठीही कोपरा धरून ठेवला होता. एका बाईच्या अस्थी आणि पेट्या दोन. त्यात कागदावर सही नवऱ्याची लागते, बहिणीची नाही. हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं हेही त्याला माहीत होतं.

मग मी त्याच्याबरोबर का निघाले? कारण बसच्या यादीत माझा नंबर दोनशे अकरावा होता. आणि तो स्वतः माझ्या दारात येऊन, टोपी न काढता म्हणाला होता, "गाडीत एक जागा आहे." अडतीस वर्षांत या माणसाने मला त्या गाडीतून कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत नेलं नव्हतं. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

गाडी म्हणजे पोलाकीतो. पोलंडहून आलेली म्हणून लाडाने पोलाकीतो, पण लाड करण्यासारखं तिच्यात काही नाही. शहरात भाजी आणावी, पोराला दवाखान्यात न्यावं, एवढ्यासाठी बनवलेला डबा. आत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. इंजिन मागे, बुडाखाली शेगडी ठेवल्यासारखं. ते तापतं म्हणून मागचं झाकण काठी लावून उघडं ठेवायचं. साठच्या वर न्यायची नाही, आणि दर तासाला थांबून तिला गार होऊ द्यायचं. ओरेस्तेस दोन बैठकांमधली दांडी ओढायचा, गाडी खोकायची, थुंकायची आणि मग नाइलाज झाल्यासारखी चालायची.

"दार धर," तो म्हणाला.

"का?"

"वळणावर उघडतं."

मी एका हाताने पेटी आणि एका हाताने दार धरलं. हा माझा प्रवास.

हमरस्त्याला लागलो तेव्हा सूर्य समोरून थेट डोळ्यांत येत होता. ओरेस्तेस मान पुढे काढून, नाक काचेला लावून चालवत होता. मला वाटलं, उन्हामुळे. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ती पाटी काय म्हणते?"

"तुला वाचता येतं. तूच वाच."

"मी चालवतोय."

"याला चालवणं म्हणतात होय? मघाशी सायकलवाला आपल्याला मागे टाकून गेला. वर त्याने टाटाही केला."

पहिल्या थांब्याला मी उतरले तेव्हा पाय माझे नव्हतेच. तो झाकणापाशी उभा राहून इंजिनावर फुंकर मारत होता, आजारी लेकराच्या चमचाभर सूपवर मारावी तशी. पाव आणि पेरूची वडी मी माझ्यापुरती आणली होती. त्याने त्याची आणली होती. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून खाल्लं.

हाग्वे ग्रांदे गावाच्या पुढे ती गोष्ट घडली. समोर घोडागाडी होती. वर केळीचे घड, मागे पाय सोडून बसलेली एक म्हातारी. मला ती केव्हापासून दिसत होती. म्हातारीच्या पायातली निळी चप्पलही दिसत होती. हा आपला सरळ चाललेला. मी वाट पाहिली. आता वळेल, मग वळेल. म्हातारीने पाय वर घेतले. तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"ओरेस्तेस!"

"काय?"

"घोडा! अरे, घोडा!"

त्याने चाक फिरवलं. पोलाकीतो दोन चाकांवर झाली, टपावरची सिमेंटची पेटी एका बाजूला सरकली, माझं दार उघडलं आणि मी जस्ताच्या पेटीसकट अर्धी बाहेर लोंबले. म्हातारीने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाडी गवतात जाऊन थांबली.

मी उतरले. त्याच्या बाजूला गेले आणि त्याच्या तोंडासमोर बोटं धरली.

"किती?"

"मूर्खपणा करू नकोस."

"किती बोटं, ओरेस्तेस?"

तो माझ्या हाताच्या दिशेने बघत राहिला. आणि तेव्हा मला दिसलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तसा पडदा होता.

"तीन," तो म्हणाला.

मी एकही बोट वर केलेलं नव्हतं. मूठ होती.

"आंधळा आहेस तू!"

"आंधळा नाही. उजव्याने ट्रक दिसतो. बससुद्धा दिसते. लहान गोष्टी दिसत नाहीत."

"घोडा लहान गोष्ट आहे?"

"तपकिरी होता," तो म्हणाला. "रस्त्यासारखाच."

आता मला सगळा उलगडा झाला. 'गाडीत एक जागा आहे' म्हणे! जागा नव्हती, जागेवर डोळे हवे होते. दया आली म्हणून नाही, सोइलाची बहीण म्हणून नाही. काठी न्यावी तशी मला बरोबर घेतली होती. मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. केळीवाला घोडा थांबवून ऐकत उभा राहिला, एवढंच सांगते.

"झालं बोलून?" ओरेस्तेसने विचारलं. "मग ठरव. इथे उतरायचंय तर उतर. मी जातो. मी एकटाही जाईन."

"जाशील. थेट स्वर्गात जाशील."

"तीनच्या आत पोचायचंय, नेरेइदा."

तीनच्या आत. मी रस्त्याकडे पाहिलं. मागे दीडशे किलोमीटर, पुढे दोनशे. हात दाखवून थांबेल असं एकही वाहन दिसत नव्हतं. मला गाडी चालवता येत असती, तर देवाशपथ, मी त्याला तिथेच गवतात सोडून गेले असते. पण मला कोणी शिकवलीच नव्हती. आमच्याकडे गाडी कधी आलीच नाही, आणि ती का आली नाही हे मी पुढे सांगणारच आहे.

मी पेटी मागच्या बाकावर फेकली आणि पुढे बसले.

"चालव," मी म्हटलं. "आणि मी सांगेन तेच ऐकायचं."

तिथून पुढे दोनशे किलोमीटर मी बोलत होते. चाळीस वर्षांत त्याच्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं बोलले. उजवीकडे घे. हळू. समोर ट्रॅक्टर. नाही, थांबलेला नाही, चालू आहे. डावीकडे खड्डा.

"किती मोठा?"

"तुझ्या तोंडाएवढा."

"मग गाडी जाईल आत," तो म्हणाला आणि चाक फिरवलं.

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण गिळलं.

सांता क्लाराच्या अलीकडे पुन्हा थांबलो. इंजिनाला हात लावला असता तर कातडी चिकटली असती. रस्त्याकडेला एक बाई लसणाच्या माळा विकत होती. तिने आम्हांला नवराबायको समजून कॉफी दिली, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी "नाही, नाही" केलं.

सावलीत बसल्यावर मला राहवेना. "या डब्यासाठी तू माझी बहीण तोडलीस," मी म्हटलं.

आता ती गोष्ट सांगते. आम्ही चौघं एकाच बिस्किटांच्या कारखान्यात होतो. माझा फेर्मिन भट्टीवर, ओरेस्तेस दुरुस्ती विभागात, सोइला आणि मी पॅकिंगला. शहाऐंशी साली कारखान्याच्या वाट्याला दोन गाड्या आल्या. अशा गाड्या सभेत ठरायच्या. सगळे कामगार बसायचे, नाव पुकारलं जायचं, कोणी स्वेच्छेने किती ऊसतोडण्या केल्या, कोण कधी गैरहजर होतं, ते मोजायचं. आणि मग विचारायचे, या कॉम्रेडबद्दल कोणाला काही सांगायचंय का? तेव्हा उठून दुसऱ्याचं उणं सांगणं हे काही वाईट मानत नसत. ते कर्तव्यच असायचं. पहिली गाडी एका विधवेला गेली. दुसरीसाठी दोघं उरले, फेर्मिन आणि ओरेस्तेस. बरोबरीत. आणि माझी बहीण उठली. हातात डोक्याची टोपी चुरगाळत म्हणाली, फेर्मिन दोन रविवार स्वेच्छाश्रमाला आला नव्हता, आजारी असल्याचं सांगितलं, पण आजारी नव्हता.

खरं होतं. दोन्ही रविवारी तो माझ्या आईच्या घराचं छप्पर शाकारत होता. सोइलाच्याही आईच्या.

नऊ वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. एकाच टेबलावर बिस्किटं भरत होतो आम्ही, आणि नऊ वर्षं मी तिला "डिंक दे" एवढंसुद्धा म्हटलं नाही. आई गेली तेव्हा बोललो. पण ते बोलणं पहिल्यासारखं कधीच झालं नाही.

"तू उठवलंस तिला," मी ओरेस्तेसला म्हटलं. "तुझ्या डोक्यातून निघालं होतं ते."

"मला मोटरसायकल पुरत होती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी तिला हवी होती. मी तिचा झगा धरून खाली ओढत होतो. शिवण उसवली, विचार कोणालाही."

"कोणाला विचारू? सगळे मेले! मेलेल्या बाईच्या माथी खापर फोडतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "अडतीस वर्षं वाटते. चल, इंजिन गार झालं."

"आणि त्या दिवशी? मला न दाखवता पुरलंस तिला, ते कोणाच्या माथी मारणार आहेस?" हे मला विचारायचंच होतं. सोइला त्याच्या गावी त्याच्या आजारी बहिणीचं करायला गेली होती, तिथेच पडली. फोन आला तेव्हा म्हणाले, रक्तदाब. मी त्याच क्षणी निघाले. ट्रकच्या फळीवर उभी राहून गेले. सहा वाजता पोचले. चार वाजता पुरली होती.

"शववाहिका एकच होती," तो म्हणाला. "ती पुढच्या गावी जायची होती. ऑगस्ट होता."

"दोन तास, ओरेस्तेस."

त्याने दांडी ओढली. गाडी तिसऱ्या वेळेला सुरू झाली.

प्लासेतासच्या चढावर पोलाकीतोने मान टाकली. मी उतरून ढकलली. सदुसष्ट वर्षांची बाई, पोटऱ्यांवर निळ्या शिरा, आणि एका आंधळ्याची गाडी चढावर ढकलते आहे! टपावर त्याची सिमेंटची पेटी. त्या पेटीला मी त्या दिवशी जेवढे शाप दिले तेवढे माणसाला दिले असते तर ते जागीच गेलं असतं. पण माथ्यावर गाडी पुन्हा चालली, आणि तीनला सात मिनिटं असताना आम्ही दफनभूमीच्या फाटकात शिरलो.

उबाल्दो म्हणून एक माणूस होता तिथे. रबरी बूट घातलेला, कमी बोलणारा. तिथल्या कचेरीतली मुलगी हातात कागद घेऊन आली. उन्हाने तिचं कपाळ चमकत होतं.

"सही कोण करणार?"

"मी नवरा," ओरेस्तेस म्हणाला.

"आणि मी बहीण. अस्थी ग्वानाबाकोआला जाणार."

"अस्थी इथेच राहणार."

मुलीने आमच्याकडे पाहिलं. मग ओरेस्तेसच्या खांद्यावरची सिमेंटची पेटी आणि माझ्या काखेतली जस्ताची पेटी पाहिली. "आधी काढू तर द्या," ती म्हणाली.

उबाल्दोने शिळा सरकवली. त्याने एका मदतनिसाबरोबर शवपेटी वर घेतली. फळ्या खालून कुजल्या होत्या, कापड काळं पडलं होतं. त्याने झाकणाच्या कडेत पहार घातली आणि एका झटक्यात उघडलं. मी तयारी करून आले होते. हाडं पाहायची, बस. हाडं म्हणजे कोणी नसतं.

उबाल्दो वाकला, पाहिलं आणि उभा राहिला.

"हिचं अजून झालेलं नाही," तो म्हणाला. "होतं असं कधी कधी. फार औषधं घेतली असतील. एक वर्ष अजून ठेवावी लागेल."

मी पुढे झाले. आणि ती होती. माझी बहीण होती. हाडं नव्हती. तिच्या अंगावर आकाशी रंगाचा झगा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हात छातीवर होते. मला वाटलं होतं मी किंचाळेन. नाही किंचाळले. मी पाहत राहिले. दोन वर्षं मी ज्या दोन तासांसाठी या माणसाला शिव्या घातल्या होत्या ते दोन तास माझ्यासमोर होते.

ओरेस्तेस कडेला येऊन उभा होता. मान पुढे काढून, हमरस्त्यावर काढत होता तशी. पण शवपेटीत झाकणाची सावली होती आणि त्याला काही दिसत नव्हतं. त्याने आधी उबाल्दोच्या दिशेने तोंड केलं, मग माझ्या.

"नेरेइदा," तो म्हणाला. "कशी दिसते?"

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. सकाळचे डोळेसुद्धा त्याने चोरले होते, मागितले नव्हते. आता मी काहीही सांगू शकले असते. असं काही सांगितलं असतं की त्याला मरेपर्यंत झोप लागली नसती. माझ्या ओठांवर आलं होतं.

"केस आहेत," मी म्हटलं. "सगळे. भांग तू पाडलास?"

"मी."

"उजवीकडे पाडलास. ती जन्मभर डावीकडे पाडायची. एवढंही माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं. डावीकडे टाके होते. न्हाणीघरात पडली तेव्हा फुटलं होतं. दहा टाके. उजवीकडून केस वळवले की झाकले जात होते."

"कशाला झाकायचे? पुरायचीच तर होती."

"तू येणार होतीस ना बघायला," तो म्हणाला. "शववाहिकावाल्यांना मी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी उचलली."

उबाल्दो पहार धरून उभा होता आणि दूर कोणीतरी हातगाडी ओढत होतं, तिचं चाक कुरकुरत होतं.

"आणि चेहरा?" ओरेस्तेसने विचारलं.

चेहरा कसा होता ते मी कोणालाही सांगणार नाही. त्याला मी म्हटलं, "तिचाच आहे. जरा बारीक झालीय, एवढंच."

उबाल्दोने माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याने झाकण बसवलं, उघडताना वापरला होता त्यापेक्षा किती तरी हळू हाताने.

कचेरीत मुलीने नवा कागद काढला. पुढच्या वर्षीची ऑगस्टमधली तारीख घातली. "ताबा घेणाऱ्याचं नाव," ती म्हणाली. "एकच लिहायचं."

मी तोंड उघडायच्या आत ओरेस्तेस म्हणाला, "हिचं लिहा."

"उपकार नकोत मला तुझे," मी म्हटलं.

"उपकार कसले? पुढच्या वर्षी मला ट्रकसुद्धा दिसणार नाही. मी आलो नाही तर ती खड्ड्यात जाईल."

"मग ऑपरेशन करून घे की, मेल्या!"

"यादीत आहे नाव. तुझ्या बसच्या यादीसारखी यादी." त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. डोकं पार पांढरं झालं होतं, मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलंच नव्हतं. "कुठे ठेवायची ते तू बघ. मी आता भांडत नाही."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. भांडायला कोणी उरलं नव्हतं, आणि मला त्याचा इतका राग आला की डोळे भरून आले. मी माझं नाव लिहिलं. नातं, बहीण. 'अस्थी कुठे नेणार' ही जागा मी कोरी ठेवली, मुलीने दोनदा विचारलं तरी.

"नवऱ्याची संमतीची सही लागेल," ती म्हणाली, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. ओरेस्तेसने पेन घेतलं. पेनाचं टोक कागदावर इकडेतिकडे फिरलं, तारखेवर गेलं, मग समासात गेलं. मुलगी बघू लागली. त्याच्या मानेवर लाली चढली.

मी त्याचं बोट धरलं आणि रेघेवर नेऊन ठेवलं.

"इथे," मी म्हटलं.